आधी लातूर

सिंधुला राग आला की ती बोलायची थांबते. नांदेडच्या त्या रक्तकेंद्रात हे शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. भांडणाऱ्या माणसाची समजूत घालता येते, पण गुळणी धरून कीबोर्ड बडवत बसलेल्या बाईला कुणी काय समजावणार? तिचा नवरा सुदर्शन आयटीआयमध्ये शिकवतो. तो म्हणतो, घरात आवाज चढला तर मी निश्चिंत असतो. नुसता भांडी आपटल्याचा आवाज आला की चपला घालून बाहेर पडतो.

बिलोली तालुक्यातल्या शेतकऱ्याची ही मुलगी. बी.एस्सी. झाली आणि वीस वर्षांपूर्वी रक्तदात्यांचे अर्ज टाइप करायला म्हणून केंद्रात लागली. तेव्हा संगणकाचं काही बिघडलं की हैदराबादहून एक माणूस यायचा. तो काय करतो हे सिंधु त्याच्या खुर्चीमागे उभी राहून बघायची. एकदा तो आठवडाभर आलाच नाही, तेव्हा तिनेच ते काम करून टाकलं, आणि मग त्याला बोलवायची कुणाला गरज वाटली नाही. आज चार जिल्ह्यांतल्या सात केंद्रांचा डेटाबेस तिच्या हातात आहे. हुद्दा मात्र अजून ‘वरिष्ठ डेटा एन्ट्री ऑपरेटर’ असा आहे, कारण हुद्दा बदलायला संस्थेची सभा लागते आणि सभेला दुसरी कामं असतात.

तर ज्या भानगडीमुळे तिचं नाव संस्थेत सगळ्यांच्या तोंडी झालं, ती भानगड लातूरची. लातूरच्या केंद्रात रोज पंचवीस-तीस पिशव्या रक्त जमतं. तपासणीची यंत्रं महाग, म्हणून ती एकट्या नांदेडला. लातूरच्या प्रत्येक पिशवीचा नमुना सकाळच्या गाडीने नांदेडला येतो, इथे तपासला जातो, आणि निकाल नांदेडच्या डेटाबेसमध्ये चढतो. लातूरला त्याच डेटाबेसची एक पुरी प्रत ठेवलेली आहे, म्हणजे मधली लाइन तुटली तरी तिथलं काम अडू नये. निकाल यायच्या आधी लातूरच्या पडद्यावर पिशवी पिवळी दिसते. निकाल चांगला आला की हिरवी होते. हिरवी झाल्याशिवाय पिशवी फ्रीजबाहेर काढायची नाही, फोनवर कुणी कितीही सांगो. हा नियम सिंधुनेच हट्ट धरून करून घेतला होता आणि तो योग्यच होता.

आता नांदेडचा निकाल लातूरला पोचतो कसा? डेटाबेस कुठलीही नोंद बदलायच्या आधी, आपण काय बदलणार आहोत ते एका लॉगमध्ये लिहून ठेवतो. तोच लॉग तारेवरून लातूरला जातो आणि तिथलं मशीन तो ओळीने वाचत आपली प्रत ताजी करत राहतं. यात गोम अशी की डेटाबेस भारी सावध असतो. मध्येच वीज गेली आणि पान अर्धवट लिहिलं गेलं तर? म्हणून एका शब्दाचा बदल असला तरी तो ठराविक वेळाने आख्खं पानच लॉगमध्ये उतरवून ठेवतो. त्यात तपासणीच्या यंत्रांचे आलेख, चित्रं. लॉग फुगत जायचा, लाइन बारीक, त्यातही दर महिन्याला कुणीतरी रस्ता खणताना ती तोडून ठेवायचा. पहाटे निघालेली गाडी साडेतीन तासांत नमुने घेऊन लातूरहून नांदेडला यायची. त्याच नमुन्यांचा निकाल तारेवरून परत जायलाही साडेतीन तास लागायचे. इतकी वर्षं हे कुणाला खटकलं नव्हतं, कारण नांदेडच्या पडद्यावर सगळं वेळेवर हिरवं होत होतं.

मागच्या उन्हाळ्यात सिंधु लातूरला गेली. तिथलं मशीन मुज्तबा सांभाळतो. माणूस साठीला टेकलेला, घराण्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे हात स्थिर आणि बोलणं सावकाश. दुपारचा एक वाजला होता. बाहेरच्या बाकावर औशाची सुमनबाई तिच्या ऋतुजाला घेऊन बसली होती. ऋतुजा नऊ वर्षांची. थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागतं.

“कधीपासून बसलाय?” सिंधुने विचारलं.

“नऊला आलो जी. त्या पलीकडच्या बाई मुरुडच्या, त्या तर साडेआठपासून हायेत.”

सिंधु आत गेली. “मुज्तबाभाई, हिच्या गटाचं रक्त नाही का?”

“हाय की. फ्रीजात हाय,” मुज्तबा म्हणाला. “पिवळं हाय पण. रोजचंच हाय हे ताई. सबर करायचा, दुसरं काय.”

सिंधुने आपल्या फोनवर नांदेडचा निकाल बघितला. पिशवी अकरालाच पास झालेली होती. म्हणजे चांगलं, तपासलेलं रक्त भिंतीच्या अलीकडे आणि ते ज्या लेकराला हवं ते भिंतीच्या पलीकडे, आणि मध्ये फक्त एक बातमी यायची राहिलेली. ती परत बाहेर येऊन सुमनबाईशेजारी बसली. ऋतुजाचे ओठ पांढरे पडले होते. ती पाय न हलवता बसली होती, आणि नऊ वर्षांचं पोर असं बसत नसतं.

“रक्त कमी झालं की ही खेळायचं सोडते,” सुमनबाई म्हणाली. “त्याच्यावरून मला कळते, तारीख आली मनून.”

सिंधुच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रागवावं कुणावर हेही कळेना, कारण यात वाईट कुणीच नव्हतं, सगळे आपापल्या जागी नियमाने बसलेले होते. अडीच वाजता पिशवी हिरवी होईपर्यंत ती त्या बाकावरून उठली नाही आणि कुणाशी एक शब्द बोलली नाही.

नांदेडला आल्यावर तिने लॉग उघडून बघितला. पानांतली निम्म्याहून अधिक जागा रिकामी किंवा तेच तेच पुन्हा. गावाकडे गोधडी एसटीच्या टपावर टाकायची तर आधी गुडघ्याने दाबून सुतळीने बांधतात. हा डेटाबेस मात्र सगळ्या गोधड्या उलगडून पाठवत होता. दाबायची सोय त्यात नव्हती असं नाही. एक जुना पर्याय होता, पण तो चालू केला की नांदेडचं मशीन धापा टाकायचं आणि तपासणीतल्या मुली कामं सोडून तिच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. कॉम्प्रेशनची नवी, झपाट्याने चालणारी पद्धत जगात आली होती, फुकट उपलब्ध होती, पण या डेटाबेसच्या लॉगला ती येत नव्हती. डेटाबेस मुक्त, त्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा. मग सिंधुने ठरवलं की ती पद्धत आपणच त्याला शिकवायची.

सात महिने लागले. जेवणाच्या सुट्टीत आणि रविवारी, घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. लॉगमधल्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक छोटी खूण असते. हे पान दाबलंय का, आणि कुठल्या पद्धतीने, हे ती सांगते. सिंधुने तिथे आपल्या नव्या पद्धतीची खूण घातली, लिहिणाऱ्या बाजूला दाबायला शिकवलं, वाचणाऱ्या बाजूला उलगडायला. पहिल्यांदा उलगडलेलं पान मूळ पानाशी जुळलंच नाही, कारण मधली रिकामी जागा तिने मोजण्यात चूक केली होती. तीन रविवार त्यातच गेले. कोड तिने त्या डेटाबेसवर काम करणाऱ्या जगभरच्या मंडळींना पाठवला. कुठल्यातरी देशातल्या कुण्या माणसाने, ज्याला औसा कुठे आहे हे सात जन्मांत कळणार नव्हतं, त्यात चार चुका काढल्या. सिंधु दोन दिवस फणफणत होती. मग बघितलं तर चारही चुका खऱ्या होत्या. त्याने तिला हुद्दा विचारला नव्हता, शहर विचारलं नव्हतं, फक्त कोड वाचला होता. असा अपमान तिला आयुष्यभर चालला असता.

चाचणीत लॉग चौथाईवर आला. मशीनला दम लागला नाही. लाइनवर लॉगची रांगच साचणार नव्हती, म्हणून लातूरचा उशीर साडेतीन तासांवरून पाच-सहा मिनिटांवर येणार होता.

आता फक्त चालू करायचं होतं. आणि इथे एकच नियम होता, जो घरी पत्र पाठवणाऱ्या कुणालाही कळेल. नवीन लिपीत पत्र लिहायचं तर आधी वाचणाऱ्याला ती शिकवावी लागते. लातूरच्या मशीनवर नवा प्रोग्राम बसण्याआधी नांदेडने नव्या पद्धतीने लिहायला सुरुवात केली, तर लातूरला पहिलंच पान वाचता येणार नाही आणि ते तिथेच थांबेल. सिंधुने कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं: आधी लातूर, मग नांदेड. आणि तो कागद शिवशंकरच्या टेबलावर ठेवला.

शिवशंकर संस्थेचा आयटी प्रमुख. वय बत्तीस, अध्यक्षांचा भाचा, पुण्यात दोन वर्षं काढून आलेला. हे सात महिने तो ‘बाहेरून तयार काहीतरी विकत घेऊ’ असंच म्हणत होता. चाचणीचे आकडे बघितल्यावर मात्र त्याच्या बोलण्यात ‘आपण केलेलं’ असा शब्द यायला लागला. कागद घेऊन तो मामांकडे गेला. मामा म्हणजे किशनराव, संस्थेचे अध्यक्ष. त्यांनी तो वाचला आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“आधी लातूर?” ते म्हणाले. “कामून?”

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. या दोन शहरांचं एकमेकांशी काय आहे ते इथल्या माणसालाच विचारावं. आयुक्तालय कुणाकडे, कुठली गाडी कुणाच्या स्टेशनातून सुटणार, कुठलं कॉलेज कुणी पळवलं, यावर इथे चहाच्या टपरीवरही दोन तट पडतात. किशनरावांचं अर्धं राजकारण ‘लातूरवाले आपलं नेतात’ या एका वाक्यावर चाललेलं. आणि आता त्यांच्याच संस्थेत, त्यांच्याच पगारी बाईने लिहून दिलं होतं, आधी लातूर.

“साहेब, हा मानाचा प्रश्न नाही,” सिंधुने सांगितलं. “लातूरचं मशीन वाचणारं आहे. वाचणाऱ्याला आधी शिकवायचं असतं.”

“हेड ऑफिस कुठं हाय, सिंधुबाई? नांदेडला. वर्धापनदिन कुठं हाय? नांदेडला. पाव्हणे येऊन राहिले, पेपरवाले येऊन राहिले. त्यांना काय सांगू, चालू तिकडं केलं, तुम्ही इथं नुसता नारळ खा?”

“लातूरला आदल्या दिवशी गुपचूप बसवू. कुणाला कळणार नाही.”

“न्हाई. मला कळेल ना.”

शिवशंकरने फोन स्पीकरवर टाकून मुज्तबाचं मत विचारलं. मुज्तबाला सिंधुचं म्हणणं शंभर टक्के कळत होतं. पण तो कंत्राटी माणूस, दर जूनमध्ये त्याचा कागद अध्यक्षांच्या सहीला जातो. तो खाकरला आणि म्हणाला, “साहेब मनतील तसं करू.”

सिंधु उठून बाहेर आली. किशनरावांचा तिला राग आला, पण तो रोजचा होता. मुज्तबाचा राग आत रुतला. वीस वर्षांची ओळख, बाकावर बसलेली लेकरं रोज बघणारा माणूस, आणि त्याने री ओढावी? त्या दिवसापासून नऊ दिवस तिने लातूरला फोन केला नाही. नवा प्रोग्राम पाठवला तोही एका ओळीच्या मेलने, खाली नाव न लिहिता.

वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी तिने शिवशंकरला शेवटचं विचारलं. तो फोनमधून मान वर न काढता म्हणाला, “झालंय लातूरचं. माझं बोलणं झालंय मुज्तबाशी. तुम्ही टेन्शन घेऊ नका मॅडम.”

बोलणं झालं होतं हे खरं. काय झालं होतं, तर ‘कार्यक्रम होईपर्यंत तिकडे काही हात लावू नका’ एवढंच. एक फोन केला असता तर सिंधुला हे अर्ध्या मिनिटात कळलं असतं. पण मुज्तबाला फोन करायचा नाही असं तिने ठरवलेलं होतं, आणि ठरवलेलं मोडायला ती तयार नव्हती.

बुधवारी सव्वाअकराला किशनरावांनी मोठ्या पडद्यावरचं लाल बटण दाबलं. शिवशंकरने ते खास बनवून घेतलं होतं. त्याच्या मागे सेटिंगची एक ओळ बदलत होती, बाकी काही नाही. कार्यक्रमाच्या गडबडीत त्या सकाळचे निकाल अकरानंतर चढायला लागले होते, त्यामुळे लाइन मोकळी होती आणि लातूर अजून मागे पडलं नव्हतं. टाळ्या झाल्या. ‘मराठवाड्यात प्रथम, नांदेडात प्रथम’ असं किशनराव म्हणाले, त्याच्यावर पुन्हा टाळ्या झाल्या. सिंधु मागच्या रांगेत उभी होती. तिच्या कामाला हार घातला जात होता आणि हार ज्याच्या गळ्यात पडला त्याला लॉग म्हणजे काय हे माहीत नव्हतं. तरी ती गप्प राहिली. म्हटलं, जाऊ दे, आज लातूरला पोरं बसून राहणार नाहीत.

बाराला पाच मिनिटं असताना तिचा फोन वाजला. मुज्तबाचं नाव बघून तिने एकदा वाजू दिला. दुसऱ्यांदा उचलला.

“ताई, रागात असशीला तर ऱ्हावा, पण ऐका,” मुज्तबा म्हणाला. “अकरा सतरापासून पडदा मेलाय. एक बी पिशवी हलंना. सगळी पिवळी. निकाल आज आले न्हाईत का?”

“निकाल केव्हाच आले. तुम्ही नवा प्रोग्राम बसवला ना?”

“सरांनी नको मनलं होतं. कार्यक्रमानंतर बसवा मनले.”

सिंधुने डोळे मिटून घेतले. “बाकावर कोण कोण आहे?”

“चार लेकरं हायेत. औशाची ऋतुजा हाय. तिचं हिमोग्लोबिन आज साडेपाचवर आलंय, डॉक्टर दोनदा येऊन विचारून गेले.”

ती सर्व्हर ठेवलेल्या खोलीत धावली. शिवशंकर तिच्या आधी तिथे पोचला होता, कोट काढून, घामाघूम. लातूर लॉग उचलत नाही म्हणून न वाचलेला लॉग नांदेडच्या डिस्कवर साठत चालला होता आणि पडद्यावर लाल इशारा आला होता. त्याने सेटिंग परत बंद केली होती, पण त्याचा उपयोग नव्हता. अकरा सतराचं ते पान लॉगमध्ये लिहून झालं होतं आणि लातूर त्याच पानाशी अडून बसलं होतं. आता त्याने साठलेला जुना लॉग पुसून टाकायची आज्ञा टाइप केली होती. बोट फक्त दाबायचं राहिलं होतं.

“हात काढा,” सिंधु म्हणाली.

“मॅडम, डिस्क भरली तर नांदेड पण बंद पडेल. पाहुणे खाली जेवतायत.”

“डिस्क भरायला अजून पाच तास आहेत. हा लॉग पुसला तर लातूरची प्रत पहिल्यापासून उभी करावी लागेल. या लाइनवर दोन दिवस लागतील. दोन दिवस लातूरला एकही पिशवी निघणार नाही. हात काढा.”

तो हलला नाही. वीस वर्षांत केंद्रात कुणी सिंधुचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. त्या दिवशी तो खालच्या मजल्यावर जेवणाऱ्यांनी ऐकला. तिने शिवशंकरला नुसतं ‘ऊठ’ म्हटलं, अरे-तुरेवर येऊन, आणि तो उठला. तिने ती आज्ञा खोडली आणि फोन खांद्याशी धरला.

“मुज्तबाभाई, मी पाठवलेली फाइल आहे ना तुमच्याकडे?”

“हाय. रोज बघत होतो तिला.”

“मी सांगते तसं टाइप करा. घाई नको.”

चाळीस मिनिटं ती एकेक अक्षर सांगत होती आणि तो एकेक अक्षर उलट वाचून दाखवत होता. घड्याळवाल्याच्या घरातला माणूस, एकही चूक केली नाही. एकदाच म्हणाला, “ताई, त्या दिवशी मी बोलायला पायजे होतं.” सिंधु म्हणाली, “मीही फोन करायला पाहिजे होता. पुढची ओळ घ्या.” एक वाजायच्या सुमाराला लातूरचं मशीन पुन्हा उठलं, अकरा सतराच्या त्या पानापाशी गेलं, नवी खूण ओळखली, पान उलगडलं आणि पुढे निघालं. साठलेला लॉग वाचायला त्याला वेळ लागला. दोन वाजून दहा मिनिटांनी ऋतुजाची पिशवी हिरवी झाली.

सिंधुने सेटिंग पुन्हा चालू केली. कुणाला विचारलं नाही. त्यानंतर आलेला प्रत्येक निकाल लातूरला सहा मिनिटांच्या आत पोचला.

दुसऱ्या दिवशी पेपरात किशनरावांचा फोटो आला. तिसऱ्या दिवशी सिंधुच्या टेबलावर खुलासा मागणारं पत्र आलं. तांत्रिक बिघाड, वरिष्ठांशी उद्धट वर्तन, विनापरवानगी सेटिंग बदलणे. पत्रावर शिवशंकरची सही होती. ती वाचून सिंधुला हसू आलं नाही. तिने एका पानाचा खुलासा लिहिला, त्यात लपवाछपवी काही नव्हती. कुणी काय सांगितलं, कुणी खोटं सांगितलं, केव्हा सांगितलं. आणि शेवटी: ‘लातूरचं काम झालं की नाही हे मी स्वतः फोन करून विचारलं नाही. ती चूक माझी.’ ते वाक्य लिहिताना तिला स्वतःचा जितका राग आला तितका त्या दोघांचाही आला नव्हता, कारण त्यांना लॉग कळत नव्हता आणि तिला कळत होता.

पुढच्या मंगळवारी सकाळी बैठक बसली. लांब टेबल, सहा विश्वस्त, मध्ये किशनराव. खुलासा कुणी पूर्ण वाचलेला दिसत नव्हता. किशनराव म्हणाले, “झालं ते झालं. कुणाची नोकरी न्हाई घ्यायची मला. पण पुन्हा असं नको. ही जी नवी सोय हाय, ती चौकशी होईपर्यंत बंद ठेवू. जुनं होतं ते बरं चाललं होतं.”

“चौकशी किती दिवस?” सिंधुने विचारलं.

“समिती नेमू. दोन-तीन महिने.”

“साहेब, ती सोय बिघडली नव्हती. क्रम उलटा केला म्हणून बिघडलं. आता दोन्हीकडे नीट चालू आहे. सहा मिनिटं लागतात. बंद केली की परत साडेतीन तास.”

“तुमचं ते टेक्निकल बोलणं नका सांगू आम्हाला,” एक विश्वस्त म्हणाले. “अध्यक्षांनी सांगितलं ना, बंद करा.”

सिंधु गप्प झाली. शिवशंकरला वाटलं, नेहमीसारखी आता उठून जाईल. तिने पर्समधून फोन काढला, एक नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन टेबलाच्या मधोमध, किशनरावांच्या समोर ठेवला.

“हे काय?” किशनराव म्हणाले.

“औशाच्या सुमनबाई आहेत. त्यांच्या मुलीची पुढची तारीख उद्याची आहे, डॉक्टरांनी या वेळी लवकर बोलावलंय. मी बंद करणार नाही, साहेब. चालू तुम्ही केलं, बंदही तुम्हीच करा. पण आधी यांना सांगा.”

फोन उचलला गेला. पाठीमागे बसस्टँडचा गलका आला.

“हॅलो? मॅडम, मीच फोन लावणार होते तुमाला,” सुमनबाई म्हणाली. “मागच्या बुधवारी लेकराला बाकावरच चक्कर आली बघा. तेवढं इचारायचं होतं. उद्या ऋतुजाला नऊला आणू, का आता उशिरा यायचं असते? न्हाई, लवकर आणून बसवायचं असलं तर तिला घरून खाऊ घालून आणते. सांगा तसं.”

शिवशंकर समोरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होता. सिंधुने फोन एक बोटभर किशनरावांकडे सरकवला आणि हात मागे घेतला.

“हॅलो, मॅडम? आवाज येतोय न्हाई का? नऊला आणू का?”

किशनराव खाकरले. त्यांनी भाच्याकडे बघितलं, मग सिंधुकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर त्यांना जे दिसलं ते त्यांना अजिबात आवडलं नाही.

“नऊला आणा,” ते फोनमध्ये म्हणाले. “लगेच मिळेल.”

“कोण बोलून राहिले जी?”

किशनरावांनी नाव सांगितलं नाही. सिंधुने फोन उचलला, “मी सांगते नंतर, सुमनबाई,” म्हणाली, आणि विश्वस्तांपैकी कुणाचा निरोप न घेता आपल्या टेबलापाशी परत आली. तिच्या संगणकावर लातूरचा पडदा उघडा होता आणि त्यावर त्या क्षणी तीन पिशव्या पिवळ्या होत्या; ती उभ्याउभ्याच बघत राहिली आणि तिन्ही हिरव्या झाल्यावर खुर्चीत बसली.